व्रत, कायदा आणि चाचणी : वर्धा जिल्ह्यातील वैद्यकीय शिक्षण व निर्व्यसनीपणाच्या अटीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आरोग्यसेवेचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती एके दिवशी रुग्णाचे प्राण सोपविले जातात. त्यामुळे हा विद्यार्थी निर्व्यसनी असावा ही समाजाची अपेक्षा रास्तच आहे. अपेक्षेबाबत मतभेद नाहीत; प्रश्न आहे तो ती कशी पूर्ण करून घ्यावी याचा. अमेरिकेत वैद्यकीय व परिचर्या अभ्यासक्रमाच्या अनेक विद्यार्थ्यांना रुग्णालयात पाऊल ठेवण्यापूर्वी लघवीचा नमुना द्यावा लागतो. भारतात एम.बी.बी.एस. प्रवेशाच्या देशव्यापी पात्रतेत अशी चाचणी नाही. तथापि पंजाब शासनाने २०१८ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'डोप टेस्ट'चा निर्णय जाहीर केल्यापासून हा विचार आपल्याकडेही अपरिचित राहिलेला नाही.

या प्रश्नाचा विचार करताना वर्धा जिल्ह्याचा अनुभव विशेष उपयुक्त ठरतो. निर्व्यसनीपणा घडवून आणण्याचे दोन मार्ग येथे दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदले : सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील व्रताचा आणि दारूबंदी कायद्याचा. या दोन्ही मार्गांचा इतिहास तपासून त्यांच्या प्रकाशात चाचणीच्या तिसऱ्या मार्गाचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्रताची परंपरा

वैद्यकीय विद्यार्थ्याकडून आचरणाची हमी घेण्याची प्रथा आपल्याकडे प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात गुरू शिष्याला अग्नीच्या साक्षीने जो उपदेश करतो, त्यात ब्रह्मचर्य, सत्यवचन, मांसवर्जन यांबरोबरच मद्यासक्तीपासून दूर राहण्याचीही आज्ञा आहे. येथे शिष्य शब्द देतो आणि गुरू त्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आधुनिक काळात हीच कल्पना वर्ध्याच्या भूमीत नव्याने रुजली. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव येथे आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. आश्रमजीवन एकादश व्रतांवर उभे होते. डॉ. सुशीला नायर या आश्रमाच्या वैद्य होत्या. १९४२ ते १९४४ या काळात त्या गांधीजी व कस्तुरबांसमवेत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होत्या. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचे तेथेच निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ सेवाग्रामला स्त्रिया व मुलांसाठी जे छोटे रुग्णालय सुरू झाले, त्याचाच पुढे विस्तार होत गेला. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय म्हणून उभी राहिली.

डॉ. नायर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. अखिल भारतीय नशाबंदी परिषदेचे नेतृत्वही त्यांनी केले. त्यांच्या संस्थेची आचारसंहिता या दोन्ही भूमिकांशी सुसंगत होती. खादीचा वापर, शाकाहार, श्रमदान, सर्वधर्मप्रार्थना आणि मद्य, तंबाखू व अन्य मादक पदार्थांचा त्याग या गोष्टी विद्यार्थी व अध्यापक या दोघांनाही लागू करण्यात आल्या. नवागत विद्यार्थ्यांसाठी आश्रमात निवासी संस्कार शिबिर आणि त्यानंतर खेड्यात राहून समाजसेवा शिबिर, असा क्रम ठेवण्यात आला. प्रवेश परीक्षेतही गांधी विचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका होती. 'नीट' ही देशव्यापी परीक्षा लागू झाल्यावर ती पद्धत संपली.

या आचारसंहितेतील दोन बाबी लक्षणीय आहेत. पहिली म्हणजे नियम केवळ विद्यार्थ्यांना नव्हता, तर शिकविणाऱ्यालाही होता. दुसरी म्हणजे निर्व्यसनीपणा ही सुटी अट नव्हती. तो एका संपूर्ण जीवनपद्धतीचा भाग होता.

कायद्याचा मार्ग

गांधी आणि विनोबांच्या वास्तव्याने पुनीत झालेला जिल्हा म्हणून वर्धा येथे १९७४ मध्ये संपूर्ण दारूबंदी लागू करण्यात आली. पुढे १९९३ मध्ये गडचिरोली आणि २०१५ मध्ये चंद्रपूर हे जिल्हे दारूमुक्त घोषित झाले. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

दारूबंदीची अंमलबजावणी ज्या कायद्याने होते, तो १९४९ चा महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) दारूबंदी अधिनियम शरीराच्या चाचणीला थेट स्थान देतो. त्यातील कलम १२९-अ अन्वये मद्यप्राशनाचा संशय असलेल्या व्यक्तीस नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासमोर नेऊन तिच्या रक्ताचा नमुना घेता येतो. तिने प्रतिकार केल्यास आवश्यक ते वाजवी उपाय योजण्यासही कायद्याची मुभा आहे. रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी नसेल, तर कलम ६६ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार सिद्धतेचा भार आरोपीवर येतो. नमुना कसा घ्यावा याचे नियम १९५९ मध्ये करण्यात आले.

म्हणजेच मादक द्रव्याची सक्तीची चाचणी वर्धा जिल्ह्याला नवी नाही. फरक एवढाच की येथे वैद्यक हा चाचणी घेणारा आहे, चाचणी देणारा नव्हे. आज वसतिगृहात राहणारा विद्यार्थी उद्या पदवी घेऊन ग्रामीण रुग्णालयात रुजू होतो, तेव्हा हातभट्टीची दारू प्यायलेल्या शेतमजुराच्या दंडातून रक्त काढण्याचे काम त्याच्याकडे येते. मजुराच्या शब्दावर कायद्याचा विश्वास नाही, तर विद्यार्थ्याच्या शब्दावर संस्थेचा विश्वास आहे. या विषमतेचा विचार वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात व्हावयास हवा. चाचणीला विरोध करणाऱ्या अध्यापकानेही हा प्रश्न टाळता कामा नये.

चाचणीचा मार्ग

अमेरिकेत १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रीगन यांनी संघराज्य कर्मचाऱ्यांसाठी अमली पदार्थमुक्त कार्यस्थळाचा आदेश काढला आणि १९८८ मध्ये त्याविषयी कायदा झाला. संघराज्याच्या चाचणीत गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ, ॲम्फेटामाइन आणि फेनसायक्लिडिन या पाच द्रव्यांचा शोध घेतला जाई. पुढे रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांना लावलेली अट प्रशिक्षणार्थींकडेही वळली. मिसुरी राज्यातील एका शासकीय तंत्रमहाविद्यालयाने २०११ मध्ये सर्वच विद्यार्थ्यांना चाचणी सक्तीची केली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. २०१६ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने सरसकट सक्ती घटनाबाह्य ठरविली. मात्र ज्या अभ्यासक्रमांत इतरांच्या सुरक्षिततेला धोका संभवतो, तेथे ती मान्य केली. आरोग्यशिक्षणाच्या बाबतीत चाचणीचे समर्थक याच तत्त्वाचा आधार घेतात.

या भूमिकेत तथ्य आहे. वैद्यकाला मादक औषधे सहज उपलब्ध असतात आणि ज्ञान हे व्यसनापासून संरक्षण देतेच असे नाही. जॉन्स हॉपकिन्सचे विख्यात शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड हे १८८४ च्या सुमारास कोकेनच्या बधिरीकरण गुणाचे प्रयोग स्वतःवर करताना त्याच्या आहारी गेले आणि नंतर मॉर्फिनच्या. त्याच विद्यापीठात पुढे सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या डॉ. नायर यांनी व्रताचा मार्ग निवडला, ही बाब येथे नोंदविण्यासारखी आहे.

परंतु हीच चाचणी जशीच्या तशी वर्ध्यात आणली तर काय होईल? विदर्भातील सर्वांत दृश्य व्यसन खर्रा. पाच द्रव्यांच्या यादीत तंबाखू नाही. दुसरे व्यसन दारू. तीही यादीत नाही, आणि रक्तातून ती काही तासांतच नाहीशी होते. उलट महाशिवरात्रीला घेतलेली भांग अनेक दिवस लघवीत आढळू शकते. अनारशावरील खसखस किंवा कोडीनयुक्त खोकल्याचे औषध यांमुळेही अफूजन्य पदार्थांच्या प्राथमिक चाचणीत दोष दिसू शकतो. जे व्यसन सर्वत्र आहे ते सुटते आणि जे व्यसनच नव्हे ते सापडते, अशी ही स्थिती होईल. शिवाय २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानल्यानंतर सरसकट सक्तीला घटनात्मक कसोटीही लागू होईल.

व्रताची मर्यादा आणि विसरलेला भाग

चाचणीचे दोष दाखविल्याने व्रत निर्दोष ठरत नाही. व्रत स्वेच्छेने घेतले जाते. प्रवेश अर्जावरील सहीने घेतलेले व्रत हे व्रत राहत नाही, ती अट होते. डॉक्टर होण्यासाठी आलेला अठरा वर्षांचा विद्यार्थी कोणत्याही संस्थेच्या कोणत्याही प्रतिज्ञापत्रावर सही करतो. पुढे त्याचा पाय घसरला, तर चाचणीच्या व्यवस्थेत तो नमुना चुकवितो आणि प्रतिज्ञेच्या व्यवस्थेत तोंड लपवितो. दोन्हीकडे परिणाम एकच : ज्याला उपचाराची सर्वाधिक गरज आहे तोच सर्वांत उशिरा समोर येतो, आणि दरम्यान तो रुग्णांना तपासत असतो.

गांधीविचारात या पेचावर उत्तर आहे. आत्मकथेत गांधीजींनी विडीपायी केलेली किरकोळ चोरी आणि नंतरची सोन्याच्या तुकड्याची चोरी सांगितली आहे. सोन्याच्या चोरीनंतर त्यांनी वडिलांना चिठ्ठी लिहून कबुली दिली व शिक्षा मागितली. वडिलांनी अश्रू ढाळून ती चिठ्ठी फाडली. म्हणजे कबुलीजबाब आणि क्षमा यांशिवाय व्रताची कल्पना पूर्ण होत नाही. १९४१ च्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेतही दारूबंदीच्या संदर्भात गांधीजींनी डॉक्टरांवर जे काम सोपविले, ते व्यसनी माणसाला व्यसनातून सोडविण्याचे उपाय शोधण्याचे होते, त्याला पकडण्याचे नव्हते.

आजचा भारतीय कायदाही या दृष्टीच्या जवळ येतो. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ हे स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस विशिष्ट गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मद्य व मादक द्रव्यांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आजारात केला असून उपचाराच्या गोपनीयतेचा हक्कही मान्य केला आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, कायदा 'गुन्हा घडला काय' हे विचारतो, चाचणी 'शरीरात काय आहे' हे विचारते आणि व्रत 'तू कसा जगणार' हे विचारते. आरोग्यशिक्षणासाठी तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. परंतु 'चुकलास तर कोणाकडे येशील' हा चौथा प्रश्न त्याला जोडल्याशिवाय तो अपुरा राहतो. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात : नियम अध्यापकांनाही समान लागू असणे, शिस्तपालन समितीपासून पूर्णतः वेगळी, गोपनीय उपचारव्यवस्था असणे, आणि चाचणी केवळ ठोस संशय असेल तेव्हा, पुष्टी-तपासणीसह व रुग्णसुरक्षेपुरतीच वापरणे. स्वतःच्या चुकीची कबुली देऊन उपचार मिळालेला विद्यार्थी उद्या ग्रामीण रुग्णालयात दारू पिऊन आलेल्या मजुरासमोर बसेल, तेव्हा तो त्याच्याकडे केवळ रक्ताचा नमुना म्हणून पाहणार नाही. सेवाग्रामच्या परंपरेचा खरा वारसा तोच होय.