बिनशिवणीचा मोजा आणि मशीनचा हप्ता

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण ज्यांच्या घरातलं कोणी बचत गटात आहे त्यांनी जरूर वाचा.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या गावात गटाच्या बैठकीला बाहेरचा एक माणूस आला होता. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, हँडल फिरवून चालवायचं मोजे विणायचं मशीन घेऊन. भराभर हँडल फिरवलं की खालून विणलेली नळी बाहेर येते. बाया बघतच राहिल्या. "ताई, बिनशिवणीचा मोजा आहे, सूत आम्ही देणार, माल आम्ही उचलणार, तुम्ही फक्त फिरवायचं." मशीन कर्जावर, हप्ता महिन्याला. वर हेही म्हणाला की तुमच्याकडे ढवळपुरीला एवढी मेंढरं आहेत, उद्या तुमच्याच लोकरीचे मोजे करू.

लोकरीचं आधी मिटवतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिचं घोंगडं होतं, आणि चांगलं होतं. पण तिचा मोजा घालून कोणी पारनेरपासून सुप्यापर्यंत चालून दाखवावं. बाजारातला मोजा कापसाच्या नाहीतर नायलॉनच्या सुताचा, ताणण्यासाठी त्यात इलॅस्टिक धागा. यातलं काहीही आपल्या तालुक्यात तयार होत नाही. म्हणजे सूत बाहेरून येणार आणि माल बाहेर जाणार. आपलं काय, तर हात आणि हप्ता.

बैठक संपल्यावर दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. "तुमच्या आक्काकडं होतं ना असलं मशीन?"

होतं. आक्का म्हणजे माझी चुलती. चुलते मुंबईत गिरणीत होते. १९८२चा संप झाला आणि पारनेरच्या कितीतरी घरांसारखं आमचंही घर गावी परत आलं. चार-पाच वर्षं कशीबशी काढल्यावर आक्काने पाटल्या मोडून असंच एक मशीन घेतलं. शहरातली एक कंपनी होती. अटी हुबेहूब ह्याच: सूत आम्ही देऊ, माल आम्ही घेऊ. पहिले दोन गठ्ठे घेतले, पैसेही दिले. तिसरा परत आला, टाचेत भोकं आहेत म्हणून. चौथा परत आला. पाचव्या वेळी चुलते गठ्ठा घेऊन गेले तर दाराला कुलूप. आम्ही पोरांनी दोन हिवाळे ते मोजे घातले. टाचेत भोकं होती, हे खरंच होतं.

तेव्हापासून टाच हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे आज कामाचं आहे तेवढं सांगतो.

विणकामाचं पहिलं यंत्र १५८९ सालचं, इंग्लंडमधल्या विल्यम ली नावाच्या माणसाचं. तो पाद्री होता असं सांगतात. राणी एलिझाबेथने त्याला पेटंट दिलं नाही. हाताने विणणाऱ्या गरिबांचं पोट जाईल असं ती म्हणाल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. बिचारा फ्रान्सला गेला, तिथला राजा मारला गेला, आणि ली पॅरिसमध्येच संपला. यंत्र मात्र पुढे अडीचशे वर्षं चाललं. त्यावर मोजा सपाट विणायचा, फडक्यासारखा. पोटरीला रुंद, घोट्याला अरुंद, असा कडेचे टाके कमी करत आकार द्यायचा आणि मग मागून शिवायचा. शिवण असायची, पण कड विणलेली असल्यामुळे उसवत नसे.

लुडाईट हा शब्द आपण यंत्राला घाबरणाऱ्या अडाणी माणसासाठी वापरतो. १८११-१२ला नॉटिंगहॅमच्या बाजूला यंत्रं फोडणारे हे लोक मुळात मोजे विणणारे कारागीर होते आणि यंत्रावरच त्यांचं पोट होतं. त्यांचा राग होता तो व्यापाऱ्यांच्या नव्या युक्तीवर. रुंद यंत्रावर मोठं फडकं विणायचं, कात्रीने मोज्याच्या आकारात कापायचं आणि शिवून टाकायचं. कापलेली कड म्हणजे टाका सुटलेलाच. चार वेळा घातलं की उसवलं. माल स्वस्त, मजुरी कमी, आणि नाव खराब झालं ते विणणाऱ्याचं. सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवली. फेब्रुवारी १८१२मध्ये कवी बायरन वरिष्ठ सभागृहात उभा राहून या कायद्याविरुद्ध बोलला. ते त्याचं तिथलं पहिलंच भाषण. कायदा झालाच.

या कारागिरांची दुसरी अडचण तर आपल्याला जास्त ओळखीची वाटेल. यंत्र बहुतेकांचं स्वतःचं नसायचं. ते व्यापाऱ्याचं, ठेवलेलं मात्र कारागिराच्या घरात, आणि त्याचं भाडं मजुरीतून कापलं जायचं. काम मिळो न मिळो, भाडं चालूच. काही व्यापारी तर मुद्दाम थोडं थोडं काम जास्त घरांत वाटायचे, म्हणजे भाडं जास्त यंत्रांचं मिळे. मजुरीतून असं भाडं कापणं कायद्याने बंद झालं ते १८७४ साली. तीन-चार पिढ्या गेल्या त्यात.

आता शिवण गेली कशी ते बघा. सुया सरळ रांगेत न लावता गोल लावल्या तर विणकाम थांबतच नाही, फिरत फिरत नळी तयार होते. १८१६मध्ये मार्क ब्रुनेल या इंजिनिअरने असं गोल यंत्र केलं. मग १८४०च्या दशकाच्या शेवटी लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने जिभेची सुई आणली. सुईच्या आकड्याला छोटी हलती जीभ असते. सुई वर गेली की जुना फास जिभेच्या खाली सरकतो, आकडा नवा धागा पकडतो, खाली येताना जुना फासच जीभ मिटवतो आणि वरून निसटतो. झाला टाका. हाताने करायचं काही उरत नाही. १८७०च्या दशकात ग्रिसवोल्ड नावाच्या गृहस्थाने या सुया छोट्या नळकांड्याच्या खाचांत उभ्या बसवल्या, भोवती फिरणारी कडी, बाजूला हँडल. आक्काचं मशीन त्याच घाटाचं. तो माणूस घेऊन आलेलंही तेच. दीडशे वर्षांत फारसं बदललेलं नाही. ही निंदा नाही, चांगलं अवजार बदलत नसतं.

पण नळी म्हणजे मोजा नव्हे. पाय काटकोनात वळतो, नळी वळत नाही. खरी कारागिरी तिथे आहे.

टाच करताना हँडल पूर्ण फिरवायचं नाही. पुढच्या अर्ध्या सुया वर उचलून ठेवायच्या, त्यांचे टाके तसेच अडकलेले राहतात. मागच्या अर्ध्या सुयांवर हँडल पुढे-मागे करायचं, जात्यासारखं गोल नाही तर पाळण्यासारखं. प्रत्येक फेरीला कडेची एक सुई उचलायची. मशीन ७२ सुयांचं असेल तर ३६वर सुरुवात, मधल्या साधारण १२ उरेपर्यंत. मग उलट, एकेक सुई परत खाली. पन्नासेक हेलपाटे. दरवेळी विणलेला भाग खाली ओढून धरणारी वजनं हलवायची. एक सुई चुकली किंवा वजन ढिलं राहिलं की तिथे भोक. टाच झाली की उचललेल्या सुया खाली, पुन्हा गोल फिरवून पाऊल, आणि बोटांपाशी परत हाच खेळ. शेवटी बोटांवर तोंड उघडं राहतं. ते शिवलं तर बुटात टोचतं, म्हणून सुईने टाक्यात टाका गुंफून मिटवायचं. या गुंफणीला इंग्रजीत लॉर्ड किचनरचं नाव आहे, पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मोज्यांसाठी त्यांनीच ती सुचवली असं म्हणतात. हेच किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती होते, म्हणजे आपल्या नगरच्या छावणीचेही वरिष्ठ. मोजा त्यांनी खरंच विणला असेल यावर माझा विश्वास नाही, पण असो.

म्हणजे नळी कोणीही विणेल, मजुरी आहे ती टाचेची आणि बोटांची. आक्काला कंपनीच्या माणसाने अर्ध्या दिवसात शिकवलं होतं. नळी लगेच जमली. टाच जमायला तिला सहा-सात महिने लागले, तोवर कंपनी गेली होती.

हे फक्त आपल्याकडे झालं असंही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर अमेरिकेत बफेलो शहरातल्या ऑटो निटर नावाच्या कंपनीने घरोघरी अशी मशीनं विकली. जाहिरात अशी की घरबसल्या मोजे विणा, आम्ही विकत घेऊ. कित्येक बायांना कंपनीला चालेल असा मोजा विणणं जमलंच नाही. मशीनचे पैसे तर आधीच भरलेले. त्याच काळात कारखान्यात पट्ट्यावर चालणारी मशीनं टाचसुद्धा आपोआप करू लागली होती.

उलटं उदाहरणही आहे आणि ते सांगायला हवं. लुधियानाचा होजिअरी धंदा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोज्यांच्या हातमशीनवरच उभा राहिला. मग तिथे जमलं कसं? शाल-लोकरीचे काश्मिरी कारागीर तिथे आधीपासून वसलेले, सुताचा बाजार गावातच, सुया बनवणारे आणि मशीन दुरुस्त करणारे गल्लीत, आणि युद्धकाळात सैन्याची मोठी मागणी. मशीन या सगळ्याच्या मध्ये आलं. नुसतं मशीन आलं नाही.

आपल्या जिल्ह्यालाही हा अनुभव आहे. नगरला पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती, लुगड्यांसाठी प्रसिद्ध. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनच्या डी. सी. चर्चिल यांनी नगरमध्येच जास्त वेगाने चालणारा हातमाग तयार केला. ज्या गावात विणकर होते, सूत येत होतं, तिथे कोणीतरी माग सुधारायला बसला. सुधारणा अशी होते.

आजचं काय? कारखान्यातलं संगणकावरचं मशीन दोन-चार मिनिटांत एक मोजा टाकतं, टाचेसकट, आणि नव्या मशीनवर बोटंही मिटवून मिळतात. एक माणूस अशी कितीतरी मशीनं सांभाळतो. मग पायाच्या आकाराच्या पाटीवर चढवून वाफ द्यायची, म्हणून दुकानातला मोजा इस्त्री केल्यासारखा दिसतो. हातमशीनवर सरावलेल्या बाईला एका मोज्याला अर्धा-पाऊण तास. स्वस्त शाळेच्या मोज्यात ती या मशीनशी कशी स्पर्धा करणार?

शाळेचं नाव घेतलं कारण तो माणूस तेच म्हणाला, "शाळांची ऑर्डर मिळवू." २०२३ साली शासनाने सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट आणि दोन जोड मोजे द्यायचं ठरवलं. विद्यार्थ्यामागे १७० रुपये, खरेदी शाळा व्यवस्थापन समितीने करायची. मी तेव्हा समितीत होतो. एवढ्या पैशात बूट बसवल्यावर मोज्याला काय उरतं ते तुम्हीच हिशोब करा. आम्ही आणले ते मोजे म्हणजे सरळ नळ्या, टाच नाहीच. पोरं पळाली की मोजा बुटात गोळा. आणायचे ठरवणाऱ्यांत मीही होतो, दोष दुसऱ्याला देत नाही. पण त्या भावात हाताने विणलेला टाचेचा मोजा कोणीही घेऊ शकत नाही, हे मी खरेदीच्या बाजूने बघितलंय. पुढच्या वर्षी एक राज्य एक गणवेश आलं, गणवेश शिवायचं काम बचत गटांकडे गेलं, उशीर आणि मापाच्या तक्रारी झाल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये निर्णय मागे घेऊन खरेदी परत समित्यांकडे दिली. ज्या बायांनी त्या भरवशावर शिलाई मशीनं घेतली असतील त्यांचं काय झालं, कोणी विचारलं?

हाताच्या मोज्याला गिऱ्हाईक नाहीच असं म्हणत नाही. सुजलेल्या पायासाठी सैल तोंडाचा, थंडीसाठी जाड, मापाप्रमाणे केलेला असा मोजा लोक जास्त पैसे देऊन घेतील. पण ते गिऱ्हाईक आधी शोधावं लागेल, आणि टाच आधी शिकावी लागेल. कर्ज त्यानंतर.

तर परवाच्या गुरुवारी तो माणूस परत आला, सह्या घ्यायला. मी आदल्या दिवशी आक्काचं मशीन माळ्यावरून काढलं. रॉकेलने पुसलं. ७२ खाचा, त्यातल्या ११ सुयांच्या जिभा तुटलेल्या. आक्का आता ऐंशीच्या पुढे आहे, डोळ्यांना कमी दिसतं, पण बैठकीला आली. त्याने नळी विणून दाखवली, सगळ्यांनी बघितली. मग आक्का म्हणाली, "बाळा, आता टाच कर."

तो म्हणाला, हे फक्त दाखवायचं मशीन आहे, टाच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. एका ताईंनी विचारलं, माल नापास कोण करणार, आणि नापास झालेल्या सुताचे पैसे कोणाच्या खात्यातून? करारात ते लिहिलेलं नव्हतं. सह्या झाल्या नाहीत. पुढच्या सोमवारी टाच विणणारा माणूस सोबत घेऊन येतो म्हणालाय. बैठक दुपारी तीनला मारुतीच्या देवळात आहे, शेजारच्या गावच्या गटांनीही यावं. आक्का येणार आहे.