मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव

मूतखडा दोन सेंटिमीटरहून मोठा असेल, तर बहुधा पाठीतून छोटे छिद्र पाडून दुर्बिणीच्या साह्याने तो फोडून काढला जातो. 'पीसीएनएल' नावाची ही पद्धत स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनी १९७६ मध्ये प्रथम मांडली. टाके नाममात्र असल्याने नातेवाईक ती किरकोळ समजतात. मात्र हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. तेथील जखम किरकोळ कशी म्हणावी?

पहिले काही दिवस लघवी गुलाबी दिसणे अपेक्षितच असते. शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तस्राव बहुतांशी नीलांमधून होतो. पाठीतली नळी काही काळ बंद ठेवली, की आत साचलेल्या रक्ताच्याच दाबाने तो सहसा थांबतो.

खरा धोका उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाचा. धमनीला इजा झाल्यास तिच्या भिंतीलगत रक्ताचा फुगा तयार होतो किंवा धमनी व नीला एकमेकींना जोडल्या जातात. रुग्ण घरी परतल्यावर, साधारणतः पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, हा फुगा फुटू शकतो. लघवी एकाएकी लालभडक होते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. या मधल्या थांबण्यानेच घरचे गाफील राहतात. गुठळ्या पडणे, लघवी अडणे, चक्कर, घाम, नाडी जलद होणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेथे प्रथम सलाइन व गरजेप्रमाणे रक्त देऊन रक्तदाब सावरतात. मूत्राशयातील गुठळ्या जाड नळीतून धुऊन काढतात. रक्तस्राव थांबत नसेल, तर जांघेतील धमनीतून बारीक नळी मूत्रपिंडापर्यंत नेऊन अँजिओग्राफीने फुटलेली शाखा शोधतात आणि धातूची सूक्ष्म गुंडाळी किंवा विशिष्ट गोंद सोडून ती बंद करतात. याला 'एम्बोलायझेशन' म्हणतात. शंभरातील एखाद्याच रुग्णावर ही वेळ येते आणि बहुतेकांचा रक्तस्राव त्याने थांबतो. मूत्रपिंडातील धमनीच्या शाखांना पर्यायी वाट नसते. बंद केलेल्या शाखेवरचा भाग कायमचा निकामी होतो. म्हणूनच शक्य तितकी लहान शाखा निवडण्यात तज्ज्ञाचे कसब लागते. मूत्रपिंड काढणे हा अगदी शेवटचा उपाय.

एम्बोलायझेशनची सोय सर्वच रुग्णालयांत नसते. तेव्हा ती जवळपास कोठे आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून ठेवावे. अॅस्पिरिन वा रक्त पातळ करणारी अन्य औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे. ती स्वतःहून थांबवू नयेत आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या सल्ल्याविना पुन्हा सुरूही करू नयेत.