बालयुवराज डायड्युमेनियनची प्रांतिक नाणी : निष्ठेचा पुरावा की प्रथेचा?

प्रस्तावना :
इ. स. २१७ च्या एप्रिलमध्ये सम्राट कॅराकल्लाची हत्या झाली व त्याच्या संरक्षक दलाचा प्रमुख मॅक्रिनस गादीवर आला. तो सिनेटचा सभासद नव्हता आणि सेव्हेरस घराण्याशी त्याचे रक्ताचे नातेही नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०८ मध्ये जन्मलेल्या आपल्या पुत्रास, डायड्युमेनियनला, त्याने 'सीझर' हे पद व 'अँटोनायनस' हे लोकप्रिय नाव दिले. पूर्वेकडील शहरांनी या बालकाची नाणी पाडली. ती शहरांच्या राजनिष्ठेचा पुरावा मानावीत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाण्यांचे स्वरूप :
यासाठी मार्सियानोपोलिस (बल्गेरियातील आजचे देव्न्या) या शहराची ब्राँझची नाणी विशेष उपयुक्त आहेत. त्यांच्या दर्शनी बाजूस पिता-पुत्रांची मुखे समोरासमोर असून लेख ग्रीक भाषेत आहे. पित्याच्या मस्तकावर पर्णमाला आहे. पुत्राचे मस्तक उघडे आहे. सम्राट व युवराज यांतील दर्जाचा भेद एवढ्याशा जागेत स्पष्ट होतो. मागील बाजूस देवतेची प्रतिमा, प्रांताधिकारी पोंटियानसचे नाव आणि पाच अस्सारिया हे मूल्य दर्शविणारे एप्सिलॉन हे अक्षर आढळते.

विवेचन :
मात्र याच शहराने आधी कॅराकल्ला व त्याची माता जुलिया डोम्ना यांची समोरासमोरील मुखे कोरली होती. मॅक्रिनसच्या पाडावानंतर त्याचा शत्रू एलागाबालस व त्याची आजी जुलिया मेसा यांनाही तीच जागा मिळाली. साचा तोच राहिला, माणसे बदलली. त्यामुळे या नाण्यांतून व्यक्तिनिष्ठेपेक्षा स्थानिक टांकसाळीची परंपरा आणि राजवंशाच्या सातत्याची अपेक्षा अधिक व्यक्त होते.

निष्कर्ष :
मे २१८ मध्ये अपामिया येथे डायड्युमेनियनला 'ऑगस्टस' घोषित करण्यात आले. ८ जून रोजी अँटिओकजवळ मॅक्रिनसचा पराभव झाला. पार्थियाच्या राजाकडे पाठविलेला हा मुलगा वाटेत झ्यूग्मा येथे पकडला गेला व पुढे मारला गेला. अनेक शिलालेखांतून पिता-पुत्रांची नावे खोडली गेली; नाण्यांवर मात्र ती टिकली. अल्पजीवी राजवटीसाठी नाणे हे मोलाचे साधन आहे. परंतु त्याच टांकसाळीच्या आधीच्या व नंतरच्या नाण्यांशी तुलना केल्याविना त्यावरून प्रजेच्या मनाविषयी अनुमान काढणे धोक्याचे ठरते.