सोलापूरचा १९३० चा लढा : शालेय प्रकल्पातील साधनांची मांडणी व निष्कर्ष

प्रस्तावना :
'९ ते ११ मे १९३० हे तीन दिवस सोलापूर स्वतंत्र होते,' हे विधान शहरात अभिमानाने सांगितले जाते. शालेय प्रकल्प करणारा विद्यार्थी बहुधा याच विधानाने आरंभ करतो आणि तेच निष्कर्ष म्हणून उतरवितो. अशा वेळी माहिती जमते. संशोधन मात्र घडत नाही. संकलित माहितीची मांडणी निष्कर्षास कसे वळण देते, याचा विचार येथे केला आहे.

कालानुक्रमे मांडणी :
प्रत्येक नोंद स्वतंत्र कागदावर घेऊन ती तारखेनुसार लावावी. ५ मे रोजी महात्मा गांधींना अटक झाली. ८ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात शंकर शिवदारे हुतात्मा झाले. जमावाने पोलीस चौक्या व न्यायालयाची इमारत पेटविली. त्यानंतर शहरातील पोलीस काढून घेण्यात आले आणि काँग्रेस स्वयंसेवकांनी रहदारीचे नियंत्रण केले. १२ मे रोजी लष्करी कायदा लागू झाला व ३० जून रोजी तो उठला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. एवढ्या क्रमानेच एक गोष्ट स्पष्ट होते : लष्करी कायदा उठल्यावरही दमन संपले नव्हते.

साधननिहाय मांडणी :
त्याच नोंदी पुढे सरकारी कागदपत्रे, चळवळीतील लेखन आणि लोकस्मृती अशा तीन गटांत विभागाव्यात. एकाच घटनेस सरकार 'दंगल' म्हणते, चळवळ 'लढा' म्हणते. हा भेद पुसून न टाकता प्रकल्पात नोंदविणे आवश्यक आहे. चार हुतात्म्यांचे पुतळे शहराने या घटनेची स्मृती कशी जपली याचा पुरावा आहेत. मे १९३० मध्ये नेमके काय घडले याचा नव्हेत.

निष्कर्ष :
पोलीस हटले व स्वयंसेवकांनी रहदारी सांभाळली, यावरून शहरावरील सरकारचा ताबा काही दिवस सुटला, असे म्हणता येते. स्वतंत्र शासन होते असे म्हणण्यासाठी न्यायदान, करवसुली वा प्रशासन यांचा पुरावा हवा. मर्यादित निष्कर्षाने हुतात्म्यांचे मोल उणावत नाही. उलट परीक्षेस उतरलेले विधान अधिक टिकते. प्रकल्पाचे मूल्यमापन करताना पृष्ठसंख्येपेक्षा पुरावा आणि निष्कर्ष यांतील हे नाते शिक्षकांनी तपासावे.