नगरच्या पेठेंतील नांवें

अहमदनगरचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ला, चांदबिबी व मोंगलांचे वेढे उभे राहतात. ही सवय इतकी दृढ आहे कीं, बाहेरगांवचा सुशिक्षित मनुष्य किल्ला पाहतो, फराहबाग पाहतो, आणि कापडबाजारांतील गर्दीला नांवें ठेवीत परत जातो. वस्तुतः त्या गर्दीच्या आसपास जीं नांवें शिल्लक आहेत, तींच आमच्या मतें या शहराच्या इतिहासाचें एक मोठें साधन होय.

मलिक अहमद निजामशहानें १४९० सालीं बहमनी फौजेचा भिंगारजवळ पराभव केला, व पुढें तेथेंच सीनेच्या कांठीं हें शहर वसविलें. फेरिस्ता त्याची तुलना बगदाद व कैरो यांच्याशीं करतो. त्या स्तुतींतून कांहीं वजा केलें, तरी राजधानीला रेशीम, फौजेला दाणावैरण आणि खजिन्याला नाणीं पारखणारा लागतोच. १६३६ सालीं निजामशाही बुडाली. पुढें मोंगल, पेशवे, शिंदे आणि अखेरीस इंग्रज असे धनी बदलत गेले. पेठेच्या लेखीं नवा धनी म्हणजे नवें गिऱ्हाईक.

ही पेठ पायींच पाहावी. तेथें वाहन घालणें म्हणजे स्वतःस व दुसऱ्यास शिक्षा करणें होय. कापडबाजाराला लागून मोची गल्ली व घास गल्ली आहेत. मोची गल्लींत आज थाट आहे तो तयार कपड्यांचा. घास गल्लींत घासाची पेंढी मागणाऱ्याचें हंसें होईल. परंतु ज्या शहराच्या अंगाला भिंगारची लष्करी छावणी आहे, आणि जेथें मोटारींपूर्वीं माल बैलांच्या व माणसें घोड्यांच्या जिवावर हिंडत, तेथें वैरणीचा बाजार कापडाच्या शेजारीं बसला असल्यास नवल तें काय? तेली खुंटावर घाण्याची करकर उरली नाहीं. 'खुंट' हा शब्द मात्र नगरकरांच्या तोंडीं चौकाच्या जागीं अजून आहे. पलीकडे दाळमंडई, आडते बाजार, गंज बाजार. 'गंज' हा फारसी शब्द. मूळ अर्थ खजिना, पुढें धान्याची पेठ. संस्कृत कुळांतलें 'कापड' आणि फारसी 'बाजार' यांचा जेथें सहज समास होतो, तेथें दरबार व रयत यांचा व्यवहार कसा चालला असेल, याला निराळा पुरावा कशास हवा?

सराफ बाजाराची गोष्ट थोडी निराळी. अरबींत सराफ म्हणजे नाणीं पारखून बदलून देणारा. गांवोगांवचे रुपये जोंवर निरनिराळ्या वजनाचे व कसाचे होते, तोंवर त्याच्यावांचून व्यापाऱ्याचें पान हालत नसे. कंपनी सरकारनें १८३५ सालीं एकच रुपया चालू केला. पुढें पारखण्याचें काम आटत गेलें आणि सराफ दागिन्यांकडे वळला. धंदा बदलला, पाटी तीच.

१८८४ सालच्या सरकारी गॅझेटियरांत नगरचे मुख्य धंदे म्हणून लुगड्यांचें विणकाम व तांब्यापितळेचीं भांडीं यांचा उल्लेख आहे. विणकर पद्मशाली समाज तोफखान्यांत आहे, तांबटकर गल्ली नांवानें आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७६-७७ च्या दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून बांधला गेला व १८७८ सालीं सुरू झाला. ज्या रुळांच्या मातीकामानें उपाशी लोक जगले, त्याच रुळांवरून गिरणीचें कापड येऊन मागावर बसलें.

२०२४ सालीं शहराचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें. लोकांच्या तोंडचें 'नगर' दोन्हींत आहे, म्हणून बोलण्यांत फारसें अडत नाहीं. शहराच्या नांवाचा फेर राजपत्रांत नोंदला जातो. घास गल्लीचें नांव उद्यां एखाद्या नव्या पाटीखालीं गेलें, तर त्याची दखल कोण घेणार? मोच्यानें व तेल्यानें बखर लिहविली नाहीं. त्यांची सगळी सनद या दोन शब्दांच्या नांवांत आहे.

दुसरें साधन दुकानांच्या माळ्यावर आहे. पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धीसारख्या गांवांना लग्नाचा बस्ता बांधावयास नगरची पेठ जवळची. (त्या गांवीं १९७५ नंतरच्या ग्रामसुधारणेंत दुकानांतून विडी-तंबाखू हद्दपार झाली, दुकानांत काय मिळत नाहीं, हेंही कधीं कधीं लिहून ठेवण्याजोगें असतें.) अशा बस्त्याची उधारी जुन्या खतावणींत गिऱ्हाइकाच्या नांवगांवासह उतरत असे, कोणत्या सालीं खरेदी आटली, कोणत्या सालीं सुगीवर फेड झाली, तें तींत दिसतें. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयांत फर्मानें व हस्तलिखितें आहेत. त्यांच्या शेजारीं एखाद्या आडत्याची खतावणी ठेवावयाची, तर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं रद्दीवाल्याच्या आधीं त्या पायऱ्या चढल्या पाहिजेत.