एका थेंबाचा इतिहास : सरड्याचे रक्त आणि रंगांची किमया



मी इतिहासाचा शिक्षक. रक्तपेशींवर लेख लिहिण्याचा मला काय अधिकार, असे आपण विचाराल. अधिकार काही नाही. एक ऋण मात्र आहे. काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर रजेवर होते व त्यांचा आठवीचा तास माझ्याकडे आला. रक्तावरचा भाग वाचून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते, मग सरड्याच्या पेशीत असते का?" मला उत्तर येत नव्हते. ते कबूल करायचे सोडून मी म्हणालो, "सरड्याचे परीक्षेत विचारणार नाहीत, बस खाली." वर्ग हसला. वर्षभरात तिने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही. हा लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर होय.

उत्तर असे की, हो, असते. पण हे माणसाला कळले कसे, हाच खरा इतिहास आहे.

हॉलंडमधील स्वामरडॅम याने 1658 च्या सुमारास बेडकाच्या रक्तात अंडाकृती कण पाहिले. त्याच देशातील लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून 1674 मध्ये माणसाच्या रक्तातील कणांचे वर्णन केले. पुढे लंडनचा शरीरशास्त्रज्ञ विल्यम ह्यूसन याने 1773 मध्ये दाखविले की हे कण गोळ्यासारखे नसून चपटे असतात. साध्या पाण्यात ते फुगतात, म्हणून त्याने मीठ घातलेला द्रव वापरला. निरनिराळ्या प्राण्यांच्या पेशींत त्याला मधोमध एक ठिपका दिसला. माणसाच्या पेशीतही तसाच कण असावा, असा त्याचा समज झाला. तो चुकीचा ठरला. शवविच्छेदन करताना झालेली जखम चिघळून 1774 मध्ये तो वारला. वय अवघे 34 वर्षे!

अडचण एकच होती. रंग न दिलेली पेशी जवळजवळ पारदर्शक दिसते. आकार कळतो, आतला तपशील कळत नाही. आता रंग आले कोठून, ते पाहा. 1856 मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी हिवतापावरील क्विनीन प्रयोगशाळेत तयार करू पाहत होता. क्विनीन काही झाले नाही. हाती आला एक सुंदर जांभळा रंग. त्यातून कृत्रिम रंगांचा मोठा उद्योग उभा राहिला. कापडासाठी बनविलेले हे रंग मग शास्त्रज्ञांनी पेशींवर वापरून पाहिले.

जर्मनीतील पॉल एर्लिख याने काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून, तो वाळवून व तापवून रंगविण्याची रीत 1879 च्या सुमारास रूढ केली. कोणता कण कोणता रंग उचलतो, यावरून त्याने पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे केले. 1891 मध्ये रशियातील रोमानोव्स्की याने इओसिन हा तांबडा व मिथिलीन ब्ल्यू हा निळा रंग एकत्र करून हिवतापाचे जंतू रंगविले, तेव्हा जंतूंचे केंद्रक जांभळे दिसले. जुन्या झालेल्या मिथिलीन ब्ल्यूमध्ये अझुर नावाचे रंग तयार होतात. अझुर आणि इओसिन मिळून हा जांभळा रंग देतात. दोघांपैकी एकट्याला ते जमत नाही. याच वाटेने पुढे लिशमन (1901) व गिम्सा (1904) यांचे रंग आले. हिवतापासाठी बोटाचे रक्त घेतात, ती काचपट्टी आजही याच कुळातील रंगाने रंगविली जाते. क्विनीनच्या शोधात निघालेला रंगांचा हा प्रवास असा फिरून हिवतापापाशीच आला.

आता सरड्याकडे वळू. एका महाविद्यालयातील प्राध्यापकांनी मला सरड्याच्या रक्ताची जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली. तांबड्या पेशी लांबट, अंडाकृती. पेशीद्रव्य गुलाबी आणि मधोमध जांभळे केंद्रक. हिमोग्लोबिन इओसिन धरते. केंद्रकातील आम्लधर्मी द्रव्य अझुर धरते. अपक्व पेशी जरा गोल व निळसर दिसतात. पांढऱ्या पेशींपैकी एका प्रकारात नारिंगी-तांबडे, चातीसारखे टोकदार कण भरलेले असतात. तिला हेटेरोफिल म्हणतात. आपल्या न्यूट्रोफिलचे काम सरड्याच्या शरीरात ती करते. डेंग्यूच्या साथीत आपण ज्या प्लेटलेट्सची चौकशी करतो, त्या म्हणजे मोठ्या पेशींचे केंद्रकहीन तुकडे असतात. सरड्यात मात्र त्या जागी केंद्रक असलेल्या पूर्ण पेशी असतात.

आपली तांबडी पेशीही अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रकासहित असते; रक्तात उतरण्यापूर्वी ती ते टाकून देते. बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांची हीच तऱ्हा. उंटाची तांबडी पेशी अंडाकृती खरी, पण केंद्रक तिच्यातही नाही.

गंमत पाहा. माणसाचे रक्त झटपट मोजणारी आजची यंत्रे सरड्याच्या रक्तापुढे गोंधळतात, कारण केंद्रक असलेली तांबडी पेशी त्यांना पांढरी वाटते. तेथे अजूनही रंगविलेली काच, सूक्ष्मदर्शक आणि माणसाचा डोळाच लागतो.

पालकहो, आपले मूल घरी असे काही विचारील, जे आपल्याला ठाऊक नसेल आणि परीक्षेतही येणार नसेल. "मला माहीत नाही, आपण विचारून पाहू," एवढे म्हणायला पदवी लागत नाही. माझ्यापाशी दोन पदव्या असूनही मला ते त्या दिवशी म्हणता आले नाही.

ती विद्यार्थिनी आता आमच्या शाळेत नाही. पण तिचा धाकटा भाऊ येथेच शिकतो, तेव्हा ही स्मरणिका तिच्या घरी जाईल. बेटी, तुझा प्रश्न चांगला होता. चूक माझी होती. पुढचा प्रश्न जरूर विचार.