स्वातंत्र्याचे दोन अर्थ

‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु स्वातंत्र्य म्हणजे आडकाठीचा अभाव, की काही करण्याचे सामर्थ्य? या प्रश्नावर इंग्लंडातील तत्त्वज्ञांत मोठा वाद झाला. त्याचा अल्प परिचय ज्ञातिबंधुभगिनींस करून द्यावा, असा आमचा मानस आहे.

जॉन स्टुअर्ट मिल यांचा ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्यास अपाय होत असेल तरच समाजाने व्यक्तीस अडवावे. तिच्या स्वतःच्या हिताचे निमित्त त्यास पुरेसे नाही, हा त्यातील सिद्धांत. ‘सुधारक’कर्ते आगरकर यांच्यावर मिलच्या विचारांची छाप होती, हे सर्वश्रुत आहे.

हे झाले अभावरूप स्वातंत्र्य. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टी. एच. ग्रीन यांचे तेवढ्याने समाधान झाले नाही. पोटाची भ्रांत असलेला मजूर मालकाशी, किंवा आयर्लंडातील कूळ जमीनदाराशी करार करते, तेव्हा ते स्वातंत्र्य नावापुरतेच, असे त्यांनी १८८१ साली लेस्टर येथील व्याख्यानात प्रतिपादिले. उत्तम ते करण्याचे सामर्थ्य सर्वांस लाभणे, हेच भावरूप स्वातंत्र्य. म्हणून कारखान्यांचे व शिक्षणाचे कायदे त्यास पोषकच होत.

पुढे १९५८ साली ऑक्सफर्ड येथेच आयझाया बर्लिन यांनी धोक्याची सूचना दिली. रशियन राज्यक्रांती त्यांनी बालवयात पाहिली होती. ‘तुझे खरे हित तुझ्यापेक्षा आम्हांस अधिक कळते’ असे सत्ताधारी म्हणू लागला, की भावरूप स्वातंत्र्याच्या नावाने जुलूम सुरू होतो, असे त्यांनी दाखविले.

या धोक्याचा दाखला खुद्द मिलच्याच ग्रंथात सापडतो. आपला सिद्धांत मागासलेल्या समाजांस लागू नाही, त्यांच्या सुधारणेसाठी अनियंत्रित सत्ताही क्षम्य, असे ते लिहून गेले. आणि १८२३ पासून १८५८ पर्यंत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरीत चाकरीस होते! परक्याच्या हिताचा मक्ता घेण्याचा मोह एवढ्या थोर पुरुषासही आवरला नाही.

आमच्या मते दोन्ही अर्थ परस्परांस पूरक आहेत. मुलामुलींस शिक्षण देऊन समर्थ करणे हे वडीलधाऱ्यांचे व संस्थेचे कर्तव्यच. परंतु त्या सामर्थ्याने त्यांनी कोणती वाट धरावी, हे त्यांचे त्यांस ठरवू द्यावे. एवढे वाचकांच्या मनावर ठसले, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.